जुळवून घेणे आणि ठरवून घेणे

गेल्या वर्षी जूनमध्ये मी भाचीबरोबर पुण्यात जागा बघत हिंडत होतो. तिला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा होता आणि शास्त्री रस्त्यापासून पायी जाता येईल अशी जागा हवी होती. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या भागांत अशा जागेला 'कॉट बेसिस' म्हणतात. तिथे खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतली एक कॉट मिळते. तिच्याबरोबर कपाटाचा एक कप्पा मिळतो आणि आपण न निवडलेल्या दोन-तीन सोबतिणी मिळतात.

तिसऱ्या की चौथ्या ठिकाणी एका मोठ्या खोलीचे प्लायवूडच्या पार्टिशनने तीन भाग केलेले होते. पार्टिशन छतापर्यंत पोचलेले नव्हते. वर हातभर जागा मोकळी होती. पलीकडे एक मुलगी मोबाइलवर घरी बोलत होती आणि तिच्या गावाकडच्या पाण्याच्या टँकरची सगळी हकीकत आम्हाला ऐकू येत होती. भाचीने माझ्याकडे पाहिले. घरमालकीणबाईंच्या ते लक्षात आले. त्या म्हणाल्या, "मुली चांगल्या घरच्या आहेत हो. थोडं जुळवून घेतलं की झालं."

'जुळवून घेणे' हा आपल्याकडचा जुना सल्ला आहे. सासरी जाणाऱ्या मुलीला तो देतात, नोकरीला लागलेल्या मुलाला देतात, वसतिगृहात सोडून येताना आईवडील देतात. तो चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. पण त्या दिवशी परत येताना एक गोष्ट मनात घर करून राहिली. जुळवून कोणी घ्यायचे, किती घ्यायचे आणि कशाशी घ्यायचे, हे त्या सल्ल्यात कुठेच सांगितलेले नसते. मी व्यवसायाने सहकारी बँकेतला माणूस. ध्वनिशास्त्र किंवा मानसशास्त्र मी कोणत्याही वर्गात बसून शिकलेलो नाही. पण गेली काही वर्षे, आधी कुतूहलापोटी आणि नंतर चिकाटीने, या विषयावरचे जे मिळेल ते वाचत आलो. त्यामागे एक जुना हिशेबही आहे. तो आधी सांगतो.

एका घड्याळाची गोष्ट

१९८८ साली मी शिकायला पुण्यात आलो आणि एका वाड्याच्या माडीवर चार कॉटच्या खोलीत राहू लागलो. माझ्या शेजारच्या कॉटवर दुसऱ्या जिल्ह्यातला एक मुलगा होता. तो पहाटे चारला उठून वर्तमानपत्रांच्या लाइनवर जाई आणि त्या पैशांवर शिके. त्याच्याकडे दोन घंट्यांचे, चावी द्यायचे गजराचे घड्याळ होते. ते तो पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवी. पहाटे ते वाजले की ट्रंकही वाजे. मी रात्री दोनपर्यंत वाचणारा. दोन तासांत माझी झोप मोडे आणि पुन्हा काही केल्या लागत नसे.

तीन महिने मी त्याला काही म्हणालो नाही. कूस बदलताना मुद्दाम कॉट करकरवली, दुपारी दार आपटले, त्याने चहाला विचारले तेव्हा 'नको' म्हणालो. माझ्या समजुतीप्रमाणे मी जुळवून घेत होतो. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात एका रात्री तो झोपल्यावर मी ते घड्याळ उचलले आणि दोन घंट्यांमधला टोला वाकवून ठेवला.

त्या पहाटे गजर झाला नाही. तो जागा झाला तेव्हा उजाडले होते. लाइनवर त्या दिवशी दुसरा मुलगा उभा केला गेला आणि तो तसाच पुढे राहिला. महिना संपल्यावर माझ्या सोबत्याने खोली सोडली. त्याने मला काहीच विचारले नाही. जाण्याच्या आदल्या रात्री मात्र एक गोष्ट मला प्रथमच दिसली: तो डोळ्यांवर पंचा घट्ट बांधून झोपला होता. रात्री दोनपर्यंत जळणारा माझा दिवा बरोबर त्याच्या उशावर पडत होता. तोही तीन महिने जुळवूनच घेत होता.

भिंत काय अडवते

आवाजाच्या तक्रारीत पहिली गल्लत होते ती आवाज म्हणजे एकच गोष्ट आहे असे मानण्यात. शेजारच्या खोलीतून येणारे आवाज दोन जातींचे असतात. बोलणे, गाणे, मोबाइल हे हवेतून येणारे आवाज. खुर्ची ओढणे, कॉट सरकवणे, टाचा आपटत चालणे हे आघाताचे आवाज. ते स्लॅब आणि भिंती यांच्यातून प्रवास करतात. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत.

हवेतला आवाज अडवते ते वजन. भिंत जितकी जड, तितका आवाज कमी. नऊ इंची पक्की विटांची भिंत, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली, सुमारे ५० डेसिबल अडवते. साध्या बोलण्याची पातळी एका मीटरवर ६० डेसिबलांच्या आसपास असते, म्हणजे अशा भिंतीपलीकडचे बोलणे जवळजवळ ऐकू येत नाही. पातळ प्लायवूड त्याच्या निम्मेही अडवत नाही. पलीकडचे शब्द नुसते ऐकू येत नाहीत, समजतातही. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती पाडून किंवा मोठ्या खोल्या तोडून कॉटी वाढवल्या गेल्या, तेव्हा हा फरक कोणी भाड्यात धरला नाही.

फटीचे गणित तर त्याहून कठोर आहे. भिंतीच्या क्षेत्रफळापैकी १ टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी बाकीची भिंत कितीही जाड असो, तिची आवाज अडवण्याची क्षमता २० डेसिबलांच्या आसपास अडकते. १० टक्के उघडी राहिली तर ती १० डेसिबलांवर येते. नऊ फूट उंच खोलीत आठ फुटांचे पार्टिशन घातले की नवव्या हिश्शाची जागा उघडीच राहते. असे पार्टिशन नजर अडवते. आवाजाच्या दृष्टीने ते जवळपास नसल्यासारखेच. म्हणून जागा बघताना भिंतीवर टकटक करून पाहावे, वर पाहावे आणि दाराखालची फट पाहावी. दाराखाली रबराची पट्टी लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा उपाय अनेक मुले करतात. त्याने खोलीतला घुमारा थोडा बदलतो. पलीकडून येणारा आवाज अडत नाही, कारण त्या पुठ्ठ्याला वजनच नसते.

आघाताचा आवाज मात्र जिथे जन्मतो तिथेच थांबवावा लागतो. वरच्या मजल्यावरच्या खुर्चीच्या पायांना रबरी बूच लावले तर खालच्याला जे सुख मिळते, ते खालच्याने स्वतःच्या छताला काहीही केले तरी मिळत नाही. म्हणजे उपाय एकाच्या हातात आणि त्रास दुसऱ्याला, अशी ही वाटणी आहे. बोलल्याशिवाय तो प्रश्न सुटण्यासारखा नाही.

कान कशाने विटतो

आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कसा आहे याला अभ्यासात जास्त महत्त्व असते. १९७६ साली कॉली आणि वेल्श या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना अक्षरांच्या याद्या क्रमाने लक्षात ठेवायला दिल्या आणि तेव्हाच कोणीतरी जर्मन भाषेत वाचत असल्याचे ध्वनिमुद्रण लावले. ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हते. तरीही त्यांच्या चुका वाढल्या. पुढच्या प्रयोगांत दिसले की बोलण्याचा आवाज बराच खाली आणला तरी हा परिणाम फारसा घटत नाही. याउलट पंख्याच्या घरघरीसारखा एकसुरी आवाज त्याच कामात फारसा आड येत नाही. सतत बदलणारा आवाज, म्हणजे बोलणे किंवा शब्दांचे गाणे, स्मरणाच्या वाटेत उभा राहतो. 'अरे, मी किती हळू बोलतोय!' असे म्हणणारा सोबती खरेच बोलत असतो. पण त्याने दुसऱ्याचे पाठांतर सुटत नाही.

मोबाइलचे आणखी वेगळे. २०१० साली लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोघांचे पूर्ण संभाषण कानावर पडण्यापेक्षा एकाचीच बाजू ऐकू आली तर लक्ष जास्त विचलित होते. पुढचे वाक्य काय असेल याचा अंदाज मन बांधत राहते आणि तो बांधता येत नाही. टँकरची हकीकत ऐकताना भाचीची जी अवस्था झाली, तिचे कारण हेच.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रयोग डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांचा आहे. त्यांचे 'अर्बन स्ट्रेस' हे पुस्तक १९७२ साली आले. त्यांनी लोकांना अवेळी, अनियमितपणे होणाऱ्या कर्कश आवाजात काम करायला बसवले. काहींच्या हाताशी एक बटण दिले आणि सांगितले, 'फारच असह्य झाले तर हे दाबा, आवाज थांबेल. शक्यतो दाबू नका.' जवळपास कोणीच ते दाबले नाही. दोन्ही गटांनी तेवढाच आवाज ऐकला. पण आवाज संपल्यानंतर दिलेल्या कामात बटण नसलेल्यांनी लवकर हात टेकले, मुद्रितशोधनात जास्त चुका केल्या. बटण असलेले चिकाटीने बसले. थकवले होते ते आवाजाने आणि त्याबद्दल आपल्याला काहीच करता येत नाही या भावनेने मिळून.

गजराचे ते घड्याळ रोज चारलाच वाजत होते. अनियमित तर ते मुळीच नव्हते. मला त्याचा इतका राग का आला, याचे उत्तर या प्रयोगात मिळाले. माझ्याजवळ बटण नाही असे मी धरून चाललो होतो. खरे तर बटण होते: 'अरे, ते ट्रंकेवरून काढून उशाशी ठेवशील का?' एवढे एक वाक्य.

न जुळणारा सोबती

आता सोबत्याकडे वळू. 'आमचं जमत नाही' या तक्रारीत पुष्कळदा स्वभावाला दोष दिला जातो. त्यातला काही भाग स्वभावाचा नसून वयाचा असतो. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग यांनी २००४ साली मोठ्या संख्येने लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या. पौगंडावस्थेपासून झोपेची वेळ पुढे पुढे सरकत जाते, विशीच्या आसपास ती सर्वांत उशिरावर पोचते आणि मग मागे येऊ लागते, असे त्यांना आढळले. रात्री एकला ज्याचे डोके चालू लागते असा विशीतला मुलगा आळशी नसतो. पण त्याच वयातही माणसामाणसांत फरक असतोच, आणि पहाटे उठणे ज्याच्या पोटापाण्याशी बांधलेले आहे त्याला निवड नसते. असे दोघे एका खोलीत आले तर कोणाचीच चूक नसताना भांडण तयार असते.

मग सारख्या सवयींची, सारख्या घरांतली, सारख्या गावांतली मुले एकत्र ठेवावीत का? पुष्कळ घरमालक आणि पालक तसेच करू पाहतात. इथे आपल्याच इतिहासातली एक गोष्ट आठवते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात वसतिगृहांची जी मालिका उभी करवली, ती बहुतांशी जातवार होती: मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातल्या मुलाला शहरात भाकरी आणि छप्पर मिळण्याची दुसरी सोय तेव्हा नव्हती आणि त्या वसतिगृहांनी पिढ्या घडवल्या. त्यांतल्याच जैन वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाल्यावर १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले, आणि त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र ठेवली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

आजच्या भाषेत सांगायचे तर साताऱ्यातले ते सोबती मुद्दाम न जुळणारे निवडलेले होते. बोली वेगळी, घरचे जेवण वेगळे, सणवार वेगळे. पण त्यांना 'जुळवून घ्या' एवढे सांगून सोडून दिलेले नव्हते. कामे वाटलेली होती, पंगत एक होती, नियम सर्वांना सारखे होते आणि ते पाहणारे माणूस त्याच आवारात राहत होते. विजोड माणसांना एकत्र राहता येण्यासाठी प्रेम आधी यावे लागत नाही. आधी व्यवस्था यावी लागते.

याला दुजोरा देणारा एक अमेरिकी अभ्यास २००८ साली नताली शुक आणि रसेल फाझिओ यांनी प्रसिद्ध केला. विद्यापीठाने चिठ्ठी टाकल्यासारख्या नेमून दिलेल्या सोबत्यांपैकी ज्या गोऱ्या विद्यार्थ्यांना कृष्णवर्णीय सोबती मिळाला, त्यांचे एकमेकांशी फारसे सख्य झाले नाही; ते एकत्र कमी वावरले, समाधानही कमी होते. तरीही काही आठवड्यांनंतर त्यांच्या मनातला पूर्वग्रह मोजता येईल इतका घटला होता. गोरा सोबती मिळालेल्यांत तसे झाले नाही. एकत्र राहण्याचा फायदा मैत्री झाल्यावरच मिळतो असे नाही, ही मला त्यातली दिलाशाची बाब वाटते.

किती जण आणि कोणाचे

वसतिगृहाच्या बांधणीचाही यात वाटा असतो. अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी सत्तरच्या दशकात दोन प्रकारच्या वसतिगृहांची तुलना केली. एकात लांब मार्गिकेवर ओळीने खोल्या आणि सर्वांना मिळून एक न्हाणीघर. दुसऱ्यात चार ते सहा जणांचा गट, त्यांची स्वतःची बैठक आणि स्वतःचे न्हाणीघर. माणशी जागा दोन्हींत जवळपास सारखी होती. तरी मार्गिकेवरच्या मुलांना गर्दी जास्त वाटे आणि ती अनोळखी माणसांपासून जास्त अंग चोरत, इमारतीबाहेरसुद्धा. त्रास होता तो कोण कधी समोर येईल यावर ताबा नसण्याचा. १९८० साली बॉम आणि डेव्हिस यांनी अशीच एक लांब मार्गिका मध्ये दारे बसवून दोन लहान भागांत तोडली गेल्यावर काय होते ते नोंदवले: तेवढ्यानेच मुलींची तक्रार आणि ताण कमी झाला.

आपल्याकडचा जुना वाडा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मधल्या चौकाभोवती मोजकी बिऱ्हाडे, आणि नळावर कोण कधी येणार हे सर्वांना माहीत. भांडणे तिथेही होत; पण भांडण कोणाशी आणि कोणापुढे करायचे हे ठरलेले असे. आजच्या कॉट बेसिसमध्ये चौक गेला, बिऱ्हाडकरू गेले, घरमालक पुष्कळदा दुसऱ्याच उपनगरात राहतो. उरली ती फक्त दाटी.

कायद्याचा हात किती पोचतो

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मर्यादेपेक्षा १० किंवा अधिक डेसिबल आवाज असेल तर तक्रार करता येते. पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर रात्री अकराला स्पीकर लागला असेल तर हा नियम मुलांना माहीत असावा आणि पोलिसांना फोन करण्यात संकोच नसावा. पण खोलीतल्या खोलीत हा हात पोचत नाही. सोबत्याचे फोनवरचे बोलणे, पहाटेचा गजर, रात्रीचा दिवा यांना डेसिबलचा नियम लागू करता येत नाही. तिथे नियम राहणाऱ्यांनीच करायचा असतो.

तो पहिल्या आठवड्यात करावा, कारण तेव्हा कोणीच कोणाला दुखावलेले नसते. महिनाभर साठवून मांडलेली मागणी मागणी राहत नाही, आरोप होते. विषय फार नसतात: मोठा दिवा कधी बंद करायचा आणि त्यानंतर टेबललॅम्प कोणत्या दिशेला वळवायचा, फोनवर बोलायला जिना की गॅलरी, गजर एकदाच, आणि तो उशीखाली, पाहुणे किती वाजेपर्यंत, झाडू कोणाचा कोणत्या वारी. हे कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवावे. लिहिलेल्या गोष्टीकडे बोट दाखवता येते. स्वभावाकडे बोट दाखवले की भांडण होते. आणि प्रत्येकाने आपल्याला काय हवे याबरोबर आपला दुसऱ्याला काय त्रास होत असेल, हेही आधीच विचारून घ्यावे. मी ते विचारले असते तर पंचा मला तीन महिने आधी दिसला असता.

घरमालकांच्या आणि संस्थाचालकांच्या बाजूलाही काही येते. पार्टिशन छतापर्यंत नेणे, दाराला पट्टी लावणे, एका खोलीतली एक कॉट कमी करणे ही मुलांच्या जुळवून घेण्यावर ढकलण्यासारखी कामे नाहीत. आपण आईवडील म्हणून मुलांना सोडायला जातो तेव्हा गादी, पाणी, डबा विचारतो. भिंतीबद्दल विचारत नाही.

भाचीने शेवटी पार्टिशन नसलेली, तीन कॉटची जागा घेतली. भाडे थोडे जास्त होते. दिवाळीच्या आधी मी भेटायला गेलो तेव्हा कपाटाच्या दारामागे वहीचा एक कागद चिकटवलेला होता. सात ओळी होत्या, त्यांतल्या दोन खोडून वर नव्या लिहिलेल्या. "मामा, ते सारखं बदलावं लागतं," ती म्हणाली. तिघींपैकी एकीशी तिचे अजूनही फारसे पटत नाही. पण अभ्यास चालू आहे.

तिला मी घड्याळाची गोष्ट तेव्हा सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग एवढेच म्हणाली, "तुम्ही त्यांना नंतर शोधलं नाहीत?" मी शोधले नव्हते. छत्तीस वर्षांत एकदाही नाही. या लेखापुरते बोलायचे तर त्या प्रश्नाला माझ्याजवळ संशोधनाचे उत्तर नाही.